फाईलवरची लाल अक्षरं

वहिनीला विचारूनच लिहितेय. नातं, गाव, वय सगळं बदललंय, म्हणून कृपया कमेंटमध्ये अंदाज बांधत बसू नका.

वहिनीला एचआयव्ही आहे. तिच्या बाळंतपणाला मी दवाखान्यात सोबतीला होते. पलंगाला अडकवलेल्या फाईलच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी लाल पेननं मोठ्या अक्षरात ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं होतं. खाली दोन रेघा. दुपारचे डबे येईपर्यंत अख्ख्या वार्डाला कळलं. शेजारच्या बाळंतिणीच्या सासूनं काही न बोलता पलंग भिंतीकडं ओढून घेतला. आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी गावात पोचली होती.

लेकरू निगेटिव्ह आहे, हेही सांगते. गरोदरपणात तपासणी झाली, गोळ्या लगेच सुरू झाल्या, जन्मल्याबरोबर बाळाला औषध पाजलं. उपचार नसले तर आईकडून बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, उपचारानं ती ५ टक्क्यांच्या खाली येते. सरकारनं २००४ पासून या गोळ्या फुकट दिल्यात, त्याचं मोल आमच्या घराला ठाऊक आहे.

पण आता वहिनी गोळ्या मिळतात त्या बीडच्या केंद्रावर पाऊल ठेवत नाही. पहाटेची एसटी धरून लातूर गाठते, दिवसाची मजुरी बुडवून. परत येताना स्टँडवरच डबीवरचा कागद नखानं खरवडून काढते. आत कापूस कोंबते, पिशवीत गोळ्या वाजू नयेत म्हणून. दसऱ्यानंतर टोळी ऊसतोडीला निघाली की आणखी अवघड. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, डबी लपवायची कुठं? गेल्या हंगामात मुकादमाच्या बायकोनं ‘कशाच्या गोळ्या गं?’ विचारलं, आणि हिनं भीतीनं पाच दिवस गोळी घेतलीच नाही.

रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गोळ्यांत खंड पडला की तो पुन्हा वाढतो. ती लाल अक्षरं लिहिणाऱ्याला हे कुणी शिकवलंच नसेल का?

‘आमच्याही जिवाचा प्रश्न आहे,’ असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या. खरंय. म्हणून तर हातमोजे प्रत्येक पेशंटला घालायचे असतात, कारण तपासणी न झालेलाही पेशंट येतोच. सुई टोचली तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करता येतं. उपचारासाठी गरजेचं असेल तेवढं डॉक्टर-नर्सनी एकमेकांना सांगायची मुभा एचआयव्हीच्या कायद्यातही आहे. पुठ्ठ्यावर लिहायची नाही.

हा कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. संमतीशिवाय कुणाचीही एचआयव्हीची माहिती फोडता येत नाही. वीस किंवा जास्त माणसं काम करतात अशा दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आम्ही तो शोधत गेलो. खिडकीवरचा माणूस रांगेसमोर मोठ्यानं म्हणाला, ‘कशाची तक्रार? पेशंटचं पूर्ण नाव सांगा.’ वहिनीनं पदर तोंडावर ओढला आणि चालू लागली.

कोर्टातसुद्धा अशा खटल्यात नाव झाकून ठेवायची सोय आहे. मग दवाखान्यात बंद लिफाफ्यात, नाव न पुकारता तक्रार का घेत नाहीत? अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर दारावर का लावत नाहीत? हे अर्जात लिहून मी माझ्या सहीनं देणार आहे. ज्यांना सही करायचीय, त्यांनी इनबॉक्समध्ये या.