डब्यावर ‘५जी’ छापलंय, पण कुणाचं ५जी?

“ताई, डब्यावरच लिहिलंय ना ५जी? मग सगळ्यांचं चालणारच!”

परवा मोबाइलच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा एका बाईंना हे छातीठोकपणे सांगत होता. बाईंचा प्रश्न एका ओळीचा होता: माझ्याकडे आहे त्याच सिमवर ५जी लागेल ना? फोन आठ-नऊ हजारांतला. त्याची चिप फक्त एसए पद्धतीच्या, म्हणजे स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या ५जीची, आणि बाईंच्या सिमकार्डवाल्या कंपनीचं ५जी त्या भागात एनएसए, म्हणजे ४जीच्या खांद्यावर बसलेलं. म्हणजे त्या सिमवर त्या फोनला ५जी लागणार नाही. सेटिंगमध्ये कितीही खेळा, नेटवर्क रीसेट करा, सिम दुसऱ्या खाचेत टाका, नाहीच लागणार. हे त्या पोराला सांगितलं तर लगेच पुढचं उत्तर तयार: “अपडेट आलं की चालू होईल.”

नाही होणार! चिपच्या मॉडेममध्ये जे नाही ते अपडेटमधून येत नाही. आणि बाईंनी विचारलं होतं, हे लक्षात घ्या. त्यांनी योग्य माणसाला, योग्य वेळी, पैसे द्यायच्या आधी, नेमका प्रश्न विचारला होता. गिऱ्हाइकानं याहून जास्त काय करायचं? ज्याला पगार त्या काउंटरवर उभं राहून फोन विकायचा मिळतो त्याला एसए आणि एनएसए हे दोन शब्द माहीत नसावेत? आणि माहीत नसतील तर “बघून सांगतो” म्हणायला जीभ झडते? डब्यावर पाठीमागे बॅटरी किती, कॅमेरा किती, चार्जर आत आहे की नाही, सगळं असतं. कोणते बँड (म्हणजे लहरींचे पट्टे), एसए की एनएसए, कुणाकुणाचं व्होल्टे (म्हणजे ४जीवरून कॉल), यातलं एक अक्षर नाही. पुढं मात्र हाताच्या पंजाएवढं ‘५जी’.

हे एखाद्याच फोनचं असतं तर सोडून दिलं असतं. रेडमी ए४ ५जी नोव्हेंबर २०२४ मध्ये ८,४९९ रुपयांना आला, पोको सी७५ ५जी त्याच्या पुढच्याच महिन्यात ७,९९९ ला. दोन्हींत स्नॅपड्रॅगन ४एस जेन २. ही चिप एसएपुरतीच. जिओचं ५जी पहिल्या दिवसापासून एसए, तिथं हे फोन चालतात. एअरटेलचं मोबाइलवरचं ५जी उभं राहिलं एनएसएवर, एसए आता कुठं वाढतंय. म्हणजे ‘५जी’ नाव लावलेला फोन एअरटेलच्या एनएसए टॉवरखाली निव्वळ ४जी फोन. त्या वेळी बातम्यांतही हे आलं होतं. तरी दुकानात विचारा, “सगळं चालतं.”

बरं, त्या बाई ५जीसाठी रिचार्जही मोठाच मारणार. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओ-एअरटेलवर अमर्याद ५जी हवं तर बहुधा दिवसाला २ जीबी किंवा त्यावरचा प्लॅन. फोनला ५जी लागत नाही, दिवसाला एक जीबीही संपत नाही, आणि दर महिन्याला पैसे जास्त. कुणीतरी यांना सांगायला हवं होतं की या फोनला एक तर सिम बदला, नाहीतर फोन बदला. सांगणारा काउंटरच्या आत उभा होता आणि त्याला कव्हर आणि काच विकायची घाई होती.

या ‘अपडेट येईल’वर तर माझा खास राग आहे. हे वाक्य जन्माला कुठून आलं ते ठाऊक आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं तेव्हा भल्याभल्या महागड्या फोनांत हार्डवेअर होतं, पण कंपन्यांनी भारतातल्या ५जीला सॉफ्टवेअरमधून कुलूप घातलेलं. आयफोनवाल्यांना डिसेंबरात आयओएस १६.२ येईपर्यंत थांबावं लागलं. ते कुलूप होतं, ते अपडेटनं निघालं. पण ज्या फोनात तो बँडच नाही, ती पद्धतच नाही, तिथं उघडायला कुलूप नसतं. बोलून चालून फोनच विकायला बसलात, एवढा फरक तरी शिकून घ्या!

याच्या उलटं रडगाणं २०२०-२१ चे ‘५जी रेडी’ फोन घेतलेल्यांचं. भारतात ५जी यायच्या दीड-दोन वर्षं आधी लोकांनी ‘पुढं कामाला येईल’ म्हणून जास्त पैसे मोजले, आणि आत निघाला एखाददुसरा बँड, बहुधा एन७८. हा ३३०० मेगाहर्ट्झचा. वेग भरपूर, पोच थोडी. जांभ्याच्या जाड भिंतीच्या आत गेलात की संपला. लांब जाणारा, भिंतीतून शिरणारा ७०० मेगाहर्ट्झचा एन२८. तो २०२२ च्या लिलावात जिओनं देशभर घेतला. म्हणून जिओ घेणार असाल तर फोनच्या यादीत एन२८ आणि एन७८ दोन्ही हवेत. नुसता एन७८ असेल तर बाजारपेठेत ५जी आणि माजघरात ४जी, आणि मग घरमालक कंपनीला शिव्या देतो, कंपनी फोनला.

कोपऱ्यातल्या ‘५जी’ चिन्हावरही विश्वास ठेवू नका. एनएसएमध्ये ४जीचा टॉवर ‘माझ्याबरोबर ५जी असू शकतं’ एवढा निरोप देतो तेव्हाच बरेच फोन ५जी दाखवायला लागतात. डेटा मात्र ४जीवरूनच चाललेला असतो. वेग मोजा, चिन्ह बघू नका.

आणि बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा लोक रागारागानं तिकडे पोर्ट झाले. राग रास्तच होता. पण तुमच्या फोनात बँड २८ आहे का, हे एकाही मेळाव्यात, एकाही छत्रीखाली कुणी विचारलं नाही. बीएसएनएलचं ४जी मुख्यतः ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८, आणि २१०० वर, म्हणजे बँड १. जिथं दुसरं कुणी पोचलं नाही तिथं, कोकणातल्या वाडीत, मेळघाटात, गडचिरोलीत, सरकारी योजनेतले टॉवर उभे राहिले, त्यांचा भरवसा ७०० वर. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्याहून या स्वदेशी ४जीचं थाटात लोकार्पण झालं. आणि खाली वाडीत माणूस टॉवरच्या समोर उभा राहून ‘नो सर्व्हिस’ बघतोय, कारण त्याच्या जुन्या ४जी फोनला बँड २८ नाही. टॉवर ठीक, सिम ठीक, फोन ठीक, फक्त दोघांची गाठच पडत नाही. हे त्याला कुणी सांगत नाही. तो आठवडाभर कार्यालयात खेपा घालतो.

त्यात आणखी एक फास आहे. जुनं २जी-३जी सिम बदलून ४जी सिम घ्यावं लागतं. सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद, म्हणजे बँकेचा ओटीपी बंद. मग कळतं की फोनला बँडच नाही. चिडून दुसरीकडे पोर्ट करायला जावं तर १ जुलै २०२४ पासूनचा नियम आडवा येऊ शकतो: सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. नियम फसवणूक थांबवायला केलाय, तो असूच दे. पण कात्रीत सापडतो तो साधा माणूस, आणि तेही अशा चुकीमुळे जी विक्रीच्या वेळी एका वाक्यात टळली असती.

४जी आलं तरी फोन लागेल असं नाही. कॉलसाठी व्होल्टे लागतं, आणि व्होल्टे फोन कंपनीनं त्या त्या नेटवर्कसाठी फोनात घालून द्यावं लागतं. बीएसएनएलला तर आधी ५३७३३ वर ‘एसीटीव्होल्टे’ हा शब्द इंग्रजीत जोडून, मध्ये जागा न सोडता एसएमएस करा. नंतर सेटिंगमध्ये व्होल्टेचं बटण दिसलं तर तुमचं नशीब. नाही दिसलं तर फोन कॉलच्या वेळी २जी-३जी शोधत खाली उतरतो, आणि टॉवर फक्त ४जीचा असेल तर कॉल तिथंच मेला. व्हॉट्सॅप चालतंय आणि आईचा साधा फोन लागत नाही, हा प्रकार किती घरांत चालू आहे!

हेच २०१६ मध्ये भोगून झालंय आपलं. जिओकडे २जी-३जी नव्हतंच, आजही नाही. व्होल्टे नसलेल्या फोनवाल्यांना कॉल करायला वेगळं अ‍ॅप घ्यावं लागायचं. इतक्या वर्षांत सगळे बदलले, डब्यावरचा मजकूर नाही बदलला.

अमेरिकेहून, दुबईहून येणाऱ्या फोनांचं तर विचारूच नका. लेक-जावई हौसेनं आणतात, आणि इथं सिम टाकलं की पुष्कळदा डेटा चालू, कॉल बंद. त्या देशातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये आपल्या कंपनीची व्होल्टेची फाइलच नसते. असा फोन जिओवर आवाजापुरता मुका. एअरटेल किंवा व्हीआयवर निदान २जीवर उतरून कॉल लागतो, पण तेवढ्या वेळात नेट गायब. तिथल्या कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला असेल तर त्याला कंपनीचं लॉक असतं, आणि ते फक्त ती कंपनी काढते. आयफोनात सेटिंग, जनरल, अबाउटमध्ये खाली कॅरिअर लॉकची ओळ बघा. ‘सिमवर निर्बंध नाहीत’ अशा अर्थाचं लिहिलेलं हवं. अमेरिकी आयफोनला १४ पासून सिमची खाचच नाही, सगळं ई-सिम. आणणाऱ्याला विमानात बसायच्या आधी हे विचारा. इथं आल्यावर गल्लीतला अनलॉकवाला हजार-दीड हजार घेऊन फोन बिघडवूनच देतो.

‘ठाण्यात मस्त चालतं, तेच घे’ म्हणणारे नातेवाईकही तेवढेच दोषी. ठाणं-कल्याण मुंबई सर्कलमध्ये, म्हणजे टेलिकॉमच्या मुंबई विभागात. महाड, सावंतवाडी, पणजी महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. स्पेक्ट्रम, म्हणजे या लहरी, सर्कलनुसार विकला जातो. एकाच कंपनीकडे इथं जेवढा आणि जो बँड आहे तो तिथं असेलच असं नाही. पोरगा शहरात बसून गावच्या आईबापांसाठी फोन ऑनलाइन मागवतो, सिमही तोच ठरवतो. त्यानं गावात एक फोन करून विचारावं की घरात, स्वयंपाकघरात, कुणाची रेंज येते. सुरुवात तिथूनच करायची असते: आधी टॉवर, मग कंपनी, मग फोन. दुकानं सगळं उलट्या क्रमानं विकतात.

ज्याची रेंज येते त्याच्या फोनवर बँड बघता येतो. नेटमॉन्स्टर हे अ‍ॅप टाका. सॅमसंगवर बहुतेकदा *#००११# चालतं, आयफोनवर *३००१#१२३४५#*. घरात उभे राहून बघा, गच्चीवर नव्हे. जिओ असेल तर ४जीला बँड ३, ५ किंवा ४० दिसेल. एअरटेलला १, ३, ८, ४०. व्हीआयला १, ३, ८, ४१. गावात ५ किंवा ८ दिसला, म्हणजे ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झ, तर तोच तुमचा खरा आधार, कारण तो लांब जातो. तो नवीन फोनात हवाच. मग फोनचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, नुसतं नाव नाही. एकाच नावाचे भारत, अमेरिका, चीनसाठी वेगवेगळे मॉडेल असतात आणि बँड वेगळे असतात. तो नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर नेटवर्कचा रकाना वाचा. तिथं ‘५जी एसए/एनएसए’ दोन्ही लिहिलंय का ते बघा. एकच असेल तर तुमची कंपनी ठरून गेली, मनात असो वा नसो.

आणि कृपा करून आधी पोर्ट करू नका! नवीन कंपनीचं एक स्वस्त प्रीपेड सिम घ्या, दुसऱ्या खाचेत टाका, घरात-शेतात-एसटी स्टँडवर वापरा. कॉल लावून वर बघा: कॉल चालू असताना ४जी तसंच राहिलं तर व्होल्टे चालू आहे, ‘ई’ किंवा २जी झालं तर नाही. पटलं की मग १९०० वर पोर्टचा एसएमएस. कोड चार दिवसच चालतो. जुन्या सिमवर वर्षाचा रिचार्ज शिल्लक असेल तर तो बुडतो, एक पैसा परत मिळत नाही. आणि एकदा गेलात की नव्वद दिवस तिथंच. चुकीच्या कंपनीत, रेंज नसलेल्या घरात, तीन महिने. नव्वद दिवसांचा हा नियम करणाऱ्यांना फोन आणि नेटवर्कची गाठ न पडणं हे कारण सुचलंच नाही का? निदान त्यासाठी तरी परतीची वाट ठेवायची!

दूरसंचार नियामक ट्रायनं कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे साइटवर टाकायला लावले, २०२५ मध्ये ते आलेही. चांगलं झालं. पण त्यात २जी, ४जी, ५जी असे रंग आहेत, बँड नाही. गावावर हिरवा रंग बघून माणूस सिम घेतो, आणि तो हिरवा रंग ज्या बँडचा आहे तो त्याच्या फोनात नसतो.

म्हणून डब्याच्या पाठीवर चार ओळी छापा: ४जीचे बँड, ५जीचे बँड, एसए की एनएसए, आणि भारतातल्या कुणाकुणाचं व्होल्टे चालतं. जागा आहे, शाई आहे. आणि ते होत नाही तोवर दुकानदाराच्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका. बिलावर मॉडेल नंबरच्या खाली त्याच्या हातानं लिहून घ्या, ‘अमुक कंपनीच्या सिमवर ५जी आणि व्होल्टे चालेल’, शिक्क्यासकट. खात्री असेल तर लिहून देईल. पेन उचलायला कां-कूं करू लागला तर तिथूनच बाहेर पडा. आणि लिहून देऊनही फोन चालला नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार करताना तो कागद हातात असू द्या.