अंगठा आमचा, गुपित त्यांचे

गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीसमोर मी माझ्या दोन्ही हातांची दहाही बोटे एकामागून एक यंत्रावर ठेवून पाहिली. काडेपेटीएवढी ती काच समोरचा कारकून दर वेळी बाहीने पुसत होता आणि ‘पुन्हा ठेवा, जरा दाबून ठेवा’ असे शांतपणे सांगत होता. बोटे जुळली नाहीत म्हणून डोळे झाले, मग चेहरा झाला, मग मोबाइलवर आलेला ओटीपी झाला, आणि अखेरीस मी म्हणजे मीच आहे हे यंत्राने मान्य केले. काम मात्र झाले नाही. अर्जावर ‘नामंजूर’ असा शेरा पडला. तो कोणी मारला आणि कोणत्या आधारावर मारला, एवढेच मी माहितीच्या अधिकारात विचारले. उत्तर एका ओळीचे आले: मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. खाली शिक्का होता, गिचमिड सही होती. सहीखाली नाव नव्हते.

तो कागद दोन-तीनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आले की चूक माझीच होती. खासगीपणा कोणाचा आणि पारदर्शकता कोणाची, याचा मी नेमका उलटा अर्थ लावून बसले होते. वाचकांपैकी अनेकांची हीच गफलत होत असणार, म्हणून अनुभवातून सुचलेल्या काही गोष्टी सांगते.

सर्वप्रथम, काचेसारखे व्हा. ॲपने संपर्कयादी मागितली तर द्या, छायाचित्रे मागितली तर द्या, ठिकाण मागितले तर तेही द्या, आणि दाखल्याच्या नमुन्यासाठी तुमच्या छायाचित्रांचे काय काम, असे विचारून कोणाला संकोचात टाकू नका. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर घाबरायचे कशाला?’ हे वाक्य पाठ करून ठेवा. ते स्वतःला ऐकवायचे असते. मंत्र्यांना ऐकवू नये, त्यांना वाईट वाटते.

पासवर्ड कोणालाही सांगू नका. ज्यांना खरोखर हवा असतो ते विचारत बसत नाहीत.

पुढचा मुद्दा फोनचा. फोन कसा वापरावा हे मोठ्या माणसांकडून शिकावे. नेदरलँड्सचे मार्क रुटे पंतप्रधान असताना कितीतरी वर्षे आपल्या जुन्या नोकिया फोनवरील संदेश रोजच्या रोज पुसत असत. २०२२ मध्ये हे उघड झाले, तेव्हा फोनमध्ये जागाच नव्हती, असा खुलासा आला. जपून ठेवण्याजोगा वाटलेला संदेश ते अधिकाऱ्यांकडे पाठवत. जपण्याजोगा कोणता, हे अर्थातच तेच ठरवत. याच पंतप्रधानांच्या राजवटीत तिथल्या करखात्याने बालसंगोपन भत्ता घेणाऱ्या हजारो पालकांवर लबाडीचा खोटा ठपका ठेवला, कोणावर संशय घ्यायचा हे ठरवताना दुहेरी नागरिकत्वाचीही नोंद तपासली, आणि लोकांना कर्जात बुडवेल एवढी वसुली लावली. पालकांच्या कागदातली किरकोळ चूक यंत्रणेने वर्षानुवर्षे लक्षात ठेवली. त्या प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, निवडणूक झाली, आणि रुटे पुन्हा पंतप्रधान झाले. जागा फक्त त्यांच्या फोनमध्येच नव्हती.

ब्रिटनमध्ये २०१६च्या कायद्याने नागरिक इंटरनेटवर कोणकोणत्या सेवांशी जोडला गेला याची नोंद बारा महिन्यांपर्यंत ठेवायला दूरसंचार कंपन्यांना भाग पाडता येते. त्याच देशात कोविडच्या हाताळणीची चौकशी सुरू झाली तेव्हा तेव्हा पंतप्रधान असलेल्या बोरिस जॉन्सन यांच्या फोनवरचे २०२०च्या पहिल्या सहामाहीतले सुमारे पाच हजार व्हॉट्सॲप संदेश सापडेनात. त्या वेळी अर्थमंत्री असलेल्या ऋषी सुनक यांनी सांगितले की आपण अनेकदा फोन बदलला आणि बॅकअप काही घेतला नव्हता. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी संदेश पुसल्याचे कबूल केले. पक्ष निराळे, विचार निराळे, पण याबाबतीत कसलाही मतभेद नाही. युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी लसउत्पादक कंपनीच्या प्रमुखाला पाठवलेले संदेश पत्रकारांनी मागितले, तर ते आयोगाकडे नाहीत असे कळवण्यात आले. विषय होता १८० कोटी मात्रांपर्यंतच्या खरेदीचा. मे २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने तो नकार रद्द केला, कारण संदेश पुसले गेले की फोन बदलला गेला, हेदेखील आयोगाला धड सांगता आले नव्हते. जर्मनीच्या संरक्षणमंत्री असताना सल्लागारांच्या कंत्राटांवरून झालेल्या चौकशीतही याच बाईंचा फोन आधीच कोरा करून झालेला निघाला होता. फोनचे नशीब एवढे वाईट असणाऱ्या व्यक्तीने खरे तर वहीच वापरायला हवी.

तुम्ही मात्र हे घरी करून पाहू नका. तुमच्या फोनमधून चुकून एक ओटीपी पुसला गेला तरी अर्ज पहिल्या पानापासून भरावा लागतो.

साक्ष देण्याची वेळ आली तर जेम्स क्लॅपर यांना स्मरावे. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांचे हे तेव्हाचे प्रमुख. मार्च २०१३ मध्ये सिनेटच्या समितीसमोर त्यांना विचारले गेले की कोट्यवधी अमेरिकनांची कोणत्याही प्रकारची माहिती सरकार गोळा करते का. ‘नाही,’ असे सांगून त्यांनी ‘निदान जाणूनबुजून तरी नाही’ अशी पुस्तीही जोडली. जूनमध्ये त्याच यंत्रणांसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर काढलेल्या कागदपत्रांतून कोट्यवधी लोकांच्या फोनच्या नोंदी सरसकट घेतल्या जात असल्याचे जगाला कळले. क्लॅपर यांच्यावर कधीही खटला झाला नाही आणि तो भरण्याची पाच वर्षांची मुदत निघून गेली. स्नोडेन अजूनही रशियात आहेत.

तुमचा फोन ऐकला जात असेल तर बिनघोर असा. आपल्याकडे तसा आदेश गृहसचिव काढतात आणि तो योग्य होता की नाही हे सचिवांचीच समिती पाहते. न्यायाधीशांना उगीच तसदी दिली जात नाही. आदेश निघाला होता, हे तुम्हाला कळवलेही जात नाही, त्यामुळे मनस्ताप नाही.

आता माझ्या कागदाकडे वळते, कारण तो डोक्यातून जात नाही. आपल्याला खासगीपणाचा हक्क आहे का, असा प्रश्न २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा राज्यघटनेत असा मूलभूत हक्कच नाही, अशी केंद्र सरकारची भूमिका होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की हक्क आहे. आपण आनंदलो. मग २०२३ मध्ये वैयक्तिक विदेच्या, म्हणजे डेटाच्या, संरक्षणाचा कायदा आला. त्यात कोणत्याही सरकारी यंत्रणेला देशाची सुरक्षितता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे देऊन सूट देण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली, आणि शेवटाकडे, कलम ४४ मध्ये, माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यातले कलम ८(१)(ञ) बदलून टाकले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येतो, हे पाहावे लागे, आणि जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती साध्या माणसालाही नाकारता येणार नाही, असे वाक्य तिथे स्वच्छ लिहिलेले होते. ते वाक्य गेले. आता ‘वैयक्तिक’ एवढा शब्द पुरतो. व्यापक जनहित असेल तर अशी माहितीही देता येते असे सांगणारे कलम ८(२) अजून शिल्लक आहे, असे सांगितले जाते. आहे खरे, पण जनहित कशात आहे हे पहिल्यांदा ठरवतो तो ज्याच्या कार्यालयाबद्दल आपण विचारत आहोत तोच अधिकारी.

म्हणजे ज्या हक्काचे अस्तित्वच सरकारने न्यायालयात नाकारले होते, तो आपण लढून मिळवला आणि सरकारनेच तो आपल्याविरुद्ध वापरायला घेतला. इथे मला उपरोध सुचत नाही. ही लबाडी आहे. माझ्या बोटांचे ठसे, माझी बुबुळे, माझा चेहरा हे वैयक्तिक नाही, ते खिडकीवर मागता येते. आणि सार्वजनिक पैशातून पगार घेऊन, सार्वजनिक कार्यालयात बसून, माझ्या अर्जावर ज्याने शेरा मारला त्याचे नाव वैयक्तिक? त्याच्या घरचा पत्ता मी विचारला नव्हता, त्याच्या बायकोमुलांची चौकशी केली नव्हती. अर्ज का नाकारला, एवढाच प्रश्न होता.

आणि आपणही काही कमी नाही. यादीत नाव आले नाही की रांगेत उभे राहून एकमेकांच्या अंगावर खेकसतो, पण कायदा बदलत होता तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी मसुदा उघडून पाहिला? मी पाहिला नव्हता. सर्व अटी मान्य असल्याची खूण करायची आपल्याला एवढी सवय झाली आहे की कायद्यालाही आपण तशीच खूण करून मोकळे झालो.

प्रथम अपील मी लिहिले आहे. त्यावर माझे पूर्ण नाव, पत्ता, फोन क्रमांक आणि वाचता येईल अशी सही आहे. उत्तर देणाऱ्याने हवा तर पुन्हा नकारच द्यावा, पण या वेळी कारण लिहावे आणि सहीखाली स्वतःचे नाव घालावे. पुन्हा शिक्काच आला, तर मी दुसरे अपील करणार आहे.