काकांच्या उत्तर कोरियावाल्या फॉरवर्डला माझं लांबलचक उत्तर

गेल्या आठवड्यात वाड्यावरच्या ग्रुपवर आमच्या एका काकांनी मेसेज टाकला, वर हात जोडलेले चार इमोजी, खाली "जसा आला तसा पाठवतोय". तुमच्याकडेही आला असणार, मला तर तीन ग्रुपवर मिळाला. थोडक्यात म्हणणं असं की उत्तर कोरियात टॅक्स नाही, घर फुकट, शाळा फुकट, दवाखाना फुकट, बेकारी नाही, भिकारी नाही, चोरी-बलात्कार नाही, भ्रष्टाचार नाही, मतदान शंभर टक्के, मोर्चे शून्य, रस्ते आरशासारखे. आणि आपल्या लोकशाहीने काय दिलं, तर खड्डे. शेवटी कोणा गोंयकारानेच जोडलेलं शेपूट: "सालाझारच्या वेळी गोवा पण असाच होता, लोक दारं उघडी टाकून झोपायचे, आपल्याला पण असाच एक कडक माणूस हवा." (सालाझार म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडे असताना पोर्तुगालचा हुकूमशहा.)

खाली सतरा अंगठे. मी सोडूनच देणार होतो, पण ते शेपूट वाचलं आणि राहवेना.

टॅक्सपासून सुरू करू. टॅक्स नाही हे कागदावर खरं आहे, १ एप्रिल १९७४ पासून त्यांनी इन्कम टॅक्स रद्द केलाय (तारीख मुद्दाम बघा). पण टॅक्स नाही म्हणजे वसुली नाही असं थोडीच. तिथून निसटून आलेले लोक सांगतात की भंगार लोखंड द्या, बांधकामाला पैसे द्या, सैन्यासाठी सशाची कातडी द्या, हे वर्षभर चालू असतं. जानेवारीत तर घराघराला खताचा कोटा येतो, आणि खत म्हणजे शेणखत नव्हे हां, माणसाची विष्ठा. थंडीत गोठलेली खणून काढायची, वजन करून द्यायची, कमी पडली तर विकत घेऊन भरायची. काकांनी गेल्या वर्षी घरपट्टीत थोडी वाढ झाली तर पंचायतीत जाऊन टेबल बडवलं होतं, त्यांना हा कोटा आला तर काय करतील हा विचार करून मी एकटाच हसत बसलोय.

घर फुकट, तर ते सरकार नेमून देतं, तुमचं नसतं. भिंतीवर किम इल सुंग आणि किम जोंग इल यांचे फोटो लावावेच लागतात, त्यांच्यावर धूळ दिसली तर विचारणा होते. वीस ते चाळीस घरांमागे एक बाई नेमलेली असते, कोणाकडे कोण आलं, कोण किती वाजता परतलं यावर तिचं लक्ष. पाहुणा रात्री राहणार असेल तर नोंद करायची. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जायला परवाना, राजधानीत जायला तर वेगळाच. आता आपल्याकडे चवथीला सावंतवाडी-बेळगावहून पंधरा माणसं न सांगता येऊन गणपतीच्या माटोळीखाली आडवी होतात, त्यांची यादी रात्री अकरा वाजता शेजारणीकडे नेऊन द्यायची अशी कल्पना करा.

दवाखाना फुकट म्हणजे तपासणी फुकट, औषध बाहेर बाजारातून आणा. हे आपल्याकडेही होतं म्हणाल तर होतं, मान्य. फरक हा की आपल्याकडे ते पेपरात येतं आणि दुसऱ्या दिवशी मंत्र्याला खुलासा करावा लागतो.

बेकारी नाही. यावर मला खरंच मजा वाटली. बेकारी नाही कारण नोकरी सरकार लावून देतं, आणि ती कुठली हे बऱ्याच अंशी तुमचे आजोबा १९५० च्या आसपास कोण होते यावर ठरतं. सोंगबुन म्हणतात त्याला, ढोबळ तीन वर्ग: निष्ठावान, डळमळीत आणि शत्रू. आजोबांची थोडी जमीन होती किंवा एखादा भाऊ दक्षिणेत पळाला तर नातू खाणीत. (जात आपल्याकडे आहे, मी नाही म्हणत नाही, पण निदान सरकार ती फाइलीत "शत्रू" असं लिहून ठेवत नाही.) आणि पगार? दहाएक वर्षांपूर्वी महिन्याच्या सरकारी पगारात बाजारात किलोभर तांदूळ जेमतेम यायचा. म्हणून मग कित्येक पुरुष आपल्याच कारखान्याला दरमहा पैसे भरतात, मी कामावर येत नाही, हजेरी तेवढी लावा, आणि बाहेर धंदा करतात. पगार मिळवण्यासाठी नाही, नोकरीतून सुटण्यासाठी पैसे! घरं चालतात ती बायकांवर, ज्या बाजारात बसून टोफू, कपडे, चिनी बॅटऱ्या विकतात.

भिकारी नाहीत हे वाक्य लिहिणाऱ्याला तर १९९० नंतर काय झालं ते माहीतच नसावं. सोव्हिएत युनियन बुडालं, मदत थांबली, १९९५ ला पूर आले, रेशन बंद पडलं आणि लोक अन्नावाचून मेले. किती? अंदाज अडीच लाखांपासून पस्तीस लाखांपर्यंत आहेत. हा फरक बघा हो. एवढा फरक का, तर मोजायला कोणाला आत सोडलंच नाही. स्टेशनांवर अनाथ पोरं फिरायची, त्यांना तिकडे कोत्जेबी म्हणतात, शब्दशः 'फुल-भिंगरी', म्हणजे भिंगरी पक्ष्यासारखी अन्न शोधत भटकणारी पोरं. अमर्त्य सेन कधीचे सांगतायत की जिथे पेपर मोकळे आहेत आणि निवडणुका होतात तिथे मोठा दुष्काळबळी होत नाही, कारण सरकारला लाज वाटावी अशी सोय तिथे असते. आपल्याकडे कुपोषण आहे, ते लाजिरवाणं आहे, पण ते आकडे आपल्याच सरकारच्या सर्वेक्षणात छापलेले मिळतात.

आणि इथेच या पूर्ण मेसेजची मेख आहे. "नाही" म्हणून जी जी गोष्ट लिहिलीय ती नाहीये की तिची नोंद नाहीये? २०१३ ला संयुक्त राष्ट्रांनी चौकशी आयोग नेमला, ऑस्ट्रेलियाचे माजी न्यायाधीश मायकेल कर्बी अध्यक्ष. त्यांना देशात पाय ठेवू दिला नाही, म्हणून सोल, टोकियो, लंडन आणि वॉशिंग्टनला बसून पळून आलेल्यांच्या साक्षी घेतल्या. २०१४ च्या अहवालात आलं की ८० हजार ते १ लाख २० हजार माणसं राजकीय छावण्यांत आहेत, कित्येक तर नातेवाइकाच्या गुन्ह्यासाठी. अहवालात बायकांवरच्या अत्याचारांची पानंच्या पानं आहेत. तर चोरी-बलात्कार शून्य हा आकडा कुठून आला? ज्या ठिकाणाहून आला तिथेच त्याचं उत्तर आहे. भ्रष्टाचाराचंही तेच, ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या यादीत २०११ ला उत्तर कोरिया सोमालियाच्या बरोबरीने अगदी तळाला होता.

आता मला एक उदाहरण जरा सविस्तर द्यायचंय, कारण ते आपण दोघांनी, म्हणजे आपण आणि त्यांनी, भोगलंय. नोटबंदी.

३० नोव्हेंबर २००९ ला तिकडे अचानक जाहीर झालं, जुन्या शंभर वॉनला नवीन एक वॉन, आणि बदलून मिळणार सुरुवातीला घरामागे फक्त एक लाख जुने वॉन, काही दिवसांचीच मुदत. बाजारातल्या बायकांनी पै-पै करून साठवलेलं सगळं एका संध्याकाळी रद्दी. भाव आकाशाला. पुढे खुद्द पंतप्रधानाने अधिकाऱ्यांसमोर माफी मागितल्याचं बाहेर आलं आणि अर्थखातं बघणाऱ्या बड्या अधिकाऱ्याला गोळी घातल्याच्या बातम्या दक्षिण कोरियातल्या पेपरांत आल्या. संपलं, त्या बायकांचे पैसे गेले ते गेले.

आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६. मी डिचोलीला बँकेच्या रांगेत दोन दिवस उभा होतो, पुढे एक पोदेर होता, सकाळचे पाव वाटून सायकल तशीच भिंतीला टेकवून आलेला, आणि तो रांगेत उभा राहून मोठमोठ्याने शिव्या घालत होता, कोणाला ते विचारू नका. मागचे दोघं त्याला विरोध करत होते, देशासाठी एवढं सोसायचं वगैरे. भांडण लागलं. वॉचमन हसत होता. पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की ९९ टक्क्यांहून जास्त नोटा परत आल्या, म्हणजे काळा पैसा कागदावर सापडलाच नाही. केस सुप्रीम कोर्टात गेली, जानेवारी २०२३ ला सरकारच्या बाजूने निकाल लागला, चार विरुद्ध एक, आणि त्या एक न्यायमूर्ती नागरत्ना, त्यांनी हे बेकायदा होतं असं सरळ लिहून ठेवलं. तुम्हाला नोटबंदी पटली असेल नसेल, तो वाद नाही. तो पोदेर दुसऱ्या दिवशी पण पाव घेऊन आला, हे सांगतोय.

शंभर टक्के मतदान: मतपत्रिकेवर नाव एकच. होकार असेल तर कागद घ्यायचा आणि पेटीत टाकायचा, नकार असेल तर सगळ्यांसमोर जाऊन नाव खोडायचं. २०१४ ला किम जोंग उनला त्याच्या मतदारसंघात १०० टक्के मतदान आणि त्यातली १०० टक्के मतं. आपल्या सांत आंद्रेत २०२२ ला आमदार ७६ मतांनी निवडून आला. शहात्तर! एका वाड्यावरच्या लोकांनी मनात आणलं असतं तर उलटं झालं असतं. हो, हेही खरं की त्याच निवडणुकीआधी देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात जाऊन पक्ष सोडणार नाही म्हणून शपथ घेतलेल्यांपैकी आठ जण सप्टेंबरात उड्या मारून गेले. देवाला पण गंडवलं. पण त्यावर तियात्रांत (कोंकणी नाटकांत) कांतारं म्हणजे गाणी झाली, मीम झाले, लोकांनी तोंडावर विचारलं.

रस्ते स्वच्छ, हे बरोबर आहे, राजधानीचे. रात्रीचा सॅटेलाइट फोटो बघा, चीन आणि दक्षिण कोरिया लखलखतात आणि मध्ये समुद्र असल्यासारखा काळोख.

आता ते शेपूट. सालाझारच्या वेळी दारं उघडी.

आमची आजी १९५६ ला लग्न होऊन या घरात आली. तिच्या लग्नाची पत्रिका आधी सेन्सॉरकडे गेली होती. हो, लग्नाची पत्रिका. छापायचा कागद म्हटला की सेन्सॉरने बघायचा, त्यात "श्री गजानन प्रसन्न" असो नाहीतर काही असो. पत्रिका उशिरा सुटली आणि निम्म्या पाहुण्यांना लग्न झाल्यावर कळलं, शिवाय हद्द बंद, त्यामुळे तिचा बांद्याचा मामा आलाच नाही, ते तिने मरेपर्यंत मनात धरलं. आदल्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या होत्या. दारं उघडी असायची का असं मी तिला एकदा विचारलं तर म्हणाली, "दार उघडं आसायचं रे, तोंड बंद आसायचं." छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या पोर्तुगीज पोलिसांतल्या आजेंत मोंतेरोचं नाव तर ती आवाज खाली करूनच घ्यायची, आणि हे मी १९९५-९६ चं सांगतोय, तो माणूस गोव्यातून जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती!

स्वस्ताई होती म्हणतात. होती, १९५५ च्या भारताच्या नाकेबंदीनंतर खनिज विकून आलेल्या पैशांतून डच चीज, स्कॉच, घड्याळं सगळं बाहेरून यायचं. आणि बहुतेक गावांत वीज नव्हती. स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हांना सभा घेतली म्हणून पोर्तुगालमध्ये पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. दुसरे स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे १९५५ ला पकडले गेले, गोवा सुटला १९६१ ला, रानडे सुटले १९६९ ला. हा तो कडक माणूस.

आणि मग लोकशाही आली तर काय झालं ते आबांकडून ऐका. १६ जानेवारी १९६७, जनमत कौल. महाराष्ट्रात जायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. आबा कट्टर मराठीवाले, फूल. समोरचे फर्नांडिसबाब दोन पानं. दोघं एकाच गड्याच्या बैलगाडीतून मतदानाला गेले म्हणे, वाटेत एक शब्द नाही. आबा हरले, ३४ हजारांच्या फरकाने. चार दिवस जेवले नाहीत धड. आणि दोन-तीन महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, त्यात आबांचीच मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) परत निवडून आली, भाऊसाहेब बांदोडकर परत मुख्यमंत्री, मग फर्नांडिसबाब जेवले नाहीत. दोघांपैकी कोणालाही कोणी आग्वादच्या तुरुंगात नेलं नाही. फर्नांडिसबाबांच्या घरून नाताळचा कुस्वार (फराळ) आमच्याकडे अजून येतो.

काकांवर माझा राग नाही. त्यांना खड्ड्यांचा वैताग आलाय, कॅसिनोंचा आलाय, डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या व्हिलांचा आलाय, मलाही आलाय. पण २००७ ला रीजनल प्लॅन (गोव्यातल्या जमिनीच्या वापराचा आराखडा) रद्द झाला तो कडक माणसाने केला नाही, रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी करायला लावला, आणि त्या वेळी पणजीच्या सभेला जायला टेम्पो कोणी ठरवला होता ते काकांना चांगलं आठवत असेल, कारण डिझेलचे पैसे त्यांनी अजून मागितलेले नाहीत.

येत्या रविवारी ग्रामसभा आहे. गटाराचा विषय तिसऱ्या नंबरवर. मागच्या वेळी काकांनी सरपंचाला वीस मिनिटं उभं धरलं होतं, माइक काढून घेतला तरी बोलत होते, सेक्रेटरीला म्हणाले हे सगळं मिनिट्समध्ये लिही. मी दुसऱ्या रांगेत जागा धरून ठेवतो, या वेळी गटाराचे फोटो पण मोठे प्रिंट काढून आणा.