बाजूचं शेवटचं गाणं फाटतंय? रेकॉर्डला दोष देण्याआधी सुई बघा

रॉक ऐकणाऱ्यांच्या दोन तक्रारी वर्षानुवर्षं त्याच आहेत. रेकॉर्डवर पहिली दोन-तीन गाणी झकास वाजतात, पण बाजू संपत आली की सिंबल, म्हणजे ड्रम्सच्या झांजा, खरखरतात आणि गायकाचा प्रत्येक ‘स’ कानात टोचतो. आणि कॉन्सर्टमध्ये सुरुवात खणखणीत होते, पण शेवटची चार गाणी कापूस भरल्यासारखी ऐकू येतात. पहिल्या तक्रारीत खापर रेकॉर्डवर फुटतं, दुसरीत साऊंड इंजिनिअरवर. माझं ठाम मत आहे की दोन्हीकडे बहुतेक वेळा गडबड आपल्याच टोकाला असते. तिकडे सुई, इकडे कान. आणि दोन्हीचा बंदोबस्त करता येतो. नवीन डिलक्स बॉक्स सेट घेण्याआधी तो करावा, एवढ्यासाठी हे लिहितोय.

आधी खाचेचा, म्हणजे सुई ज्या चरीतून फिरते तिचा हिशोब. एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत तेवढेच. पण बाहेरचा फेरा मोठा आणि लेबलजवळचा लहान. कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, शेवटच्या खाचेत जेमतेम २१. आता सिंबलची चमक जिथे असते त्या १०,००० हर्ट्झची एक लाट घ्या. कडेला तिला ५१ मायक्रॉन लांबी मिळते, आत फक्त २१. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्याच मुळी १५ ते १८ मायक्रॉन असते. एवढं जाड टोक २१ मायक्रॉनच्या वळणात शिरणार कसं? ते वळणाच्या वरून घसरत जातं, आणि तेच आपल्याला खरखर म्हणून ऐकू येतं. रेकॉर्ड नवी असो वा जुनी, हे गणित बदलत नाही.

अल्बमच्या गाण्यांचा क्रम लावणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून बाजूच्या शेवटी संथ, कमी वाद्यांचं गाणं टाकायची पद्धत पडली. पण रॉकला शेवट दणदणीत लागतो! लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बमची (१९७१) पहिली बाजू ‘स्टेअरवे टू हेवन’ने संपते. बासरीसारख्या रेकॉर्डरचा हळुवार भाग जरा बाहेरच्या खाचांत येतो, आणि ड्रम्स, सोलो, गायक प्लांटचा टिपेचा आवाज हे सगळं लेबलच्या दाराशी. त्याच वर्षीच्या द हूच्या ‘हूज नेक्स्ट’मध्ये साडेआठ मिनिटांचं ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी आहे आणि गायक डॉल्ट्रीची ती किंकाळी त्याच्याही शेवटाकडे. सुई नीट लागली आहे की नाही हे तपासायला याहून कडक परीक्षा नाही. (बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ची पहिली बाजू मध्येच कापल्यासारखी थांबते तेव्हा मात्र यंत्र तपासायला उठू नका. टेप तिथे मुद्दामच कापली आहे.)

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण लोक थेट महागड्या कार्ट्रिजवर, म्हणजे सुई बसते त्या डबीवर, उडी मारतात आणि दोष भलतीकडेच असतो.

गाणं पहिल्या सेकंदापासूनच फाटत असेल तर हा विषयच वेगळा. बहुधा टर्नटेबलमधला फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) चालू आहे आणि वायर अँपच्याही फोनो इनपुटला गेली आहे. दोनदा वाढवलेला आवाज फाटणारच. दोन्हींपैकी एक बंद करा.

फक्त बाजूच्या शेवटी फाटत असेल तर आधी सुईचं टोक भिंगातून बघा. वीस मिनिटांत खाचेतला कचरा सुई पुढे ढकलत नेते आणि टोकावर करड्या कापसाचा गोळा बसतो. त्यामुळे सुई खाचेत पूर्ण बसत नाही, आणि हा त्रासही शेवटच्या गाण्यातच दिसतो. सुईच्या ब्रशने मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) बाजूकडून आपल्याकडे, हलकेच झाडा. उलट किंवा आडवं कधीच नाही, कँटिलिव्हर, म्हणजे सुईची बारीक काडी, वाकतो. रेकॉर्ड लावताना कार्बन फायबरचा ब्रश दोन-तीन फेरे टेकवून धरा आणि मग सावकाश बाहेर सरकवत उचला. जुन्या हातच्या रेकॉर्डला एवढ्याने भागत नाही. ती डिस्टिल्ड वॉटरने धुवायची, लेबल कोरडं ठेवायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय वाजवायची नाही. नळाचं पाणी नको, वाळल्यावर त्यातले क्षार खाचेतच राहतात.

मग वजन, म्हणजे सुई खाचेवर किती दाबते ते. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ‘सुई जितकी हलकी तितकी रेकॉर्ड सुरक्षित’ हे चूक आहे. हलकी सुई मोठ्या आवाजाच्या वळणावर भिंत सोडून उडते आणि परत आदळते. खाच अशा आदळण्याने खराब होते. कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या मधल्या किंवा किंचित वरच्या आकड्यावर ठेवा. ऑर्टोफोनच्या टूएम रेडला १.८ ग्रॅम सांगितले आहेत, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ईला २. लावायची पद्धत अशी: अँटी-स्केटिंग (सुईला आत खेचणाऱ्या ओढीला तोलणारी सोय) शून्यावर आणा, सुईचं टोपण काढा, मागचं वजन फिरवत टोनआर्म हवेत आडवा तरंगेल असं करा. मग वजन न हलवता फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि त्यानंतर अख्खं वजन फिरवून १.८ वर या. आकड्यांवर पूर्ण विश्वास नको, सुईचा दाब मोजणारा छोटा डिजिटल वजनकाटा ठेवा. अँटी-स्केटिंग साधारण त्याच आकड्याला. ते कमी पडलं तर सुई आतल्या भिंतीला रेलते आणि खरखर उजव्या स्पीकरमध्ये आधी ऐकू येते. एकाच बाजूने फाटणारं शेवटचं गाणं म्हणजे जवळजवळ नेहमी हेच. सिरॅमिक कार्ट्रिजचे सूटकेस प्लेयर ५-६ ग्रॅम दाबतात. ते खोलीची शोभा म्हणून ठेवा, आवडती रेकॉर्ड त्यावर घालू नका.

यानंतर कार्ट्रिजचा कोन, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात. टोनआर्म खिळलेल्या टोकाभोवती फिरतो, म्हणून सुई खाचेला अगदी स्पर्शरेषेत फक्त दोन ठिकाणी येते. बाकी सगळीकडे ती थोडी तिरकी. बेअरवाल्ड पद्धतीत ही दोन ठिकाणं मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर असतात, स्टीव्हनसनमध्ये ६०.३ आणि ११७.४ वर. स्टीव्हनसन आतल्या खाचेला झुकतं माप देते आणि त्याची किंमत मधल्या गाण्यांत थोडी मोजावी लागते. दणदणीत शेवटाच्या बाजू जास्त ऐकणाऱ्यांनी ती वापरून बघायला हरकत नाही. प्रोट्रॅक्टरचा, म्हणजे कोन जुळवायच्या खुणांचा, कागद प्रिंट केला असेल तर आधी पट्टीने मोजा, प्रिंटर आकार थोडा लहान करतो आणि अख्खी मेहनत वाया जाते. हेडशेलचे (टोनआर्मच्या ज्या टोकाला कार्ट्रिज बसतं त्याचे) दोन स्क्रू अर्धवट सैल करा, सुई दोन्ही बिंदूंवर टेकवून कार्ट्रिजच्या कडा रेघांना समांतर येईपर्यंत पुढे-मागे सरकवा, आणि स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळा. एक स्क्रू एकदम आवळला की कार्ट्रिज वळतं. मागच्या चार वायरी निघाल्या तर रंग लक्षात असू द्या: पांढरी डावी, निळी डावीची अर्थिंग, लाल उजवी, हिरवी उजवीची अर्थिंग. कार्ट्रिज हलवल्यावर वजन पुन्हा मोजायचं, हे विसरलं जातं.

इतकं करूनही शेवट खरखरत असेल तरच सुई बदलायचा विचार करा. तेव्हा मात्र सुईचा आकार बघा, ब्रँडचं नाव नंतर. लंबगोल टोकाच्या कडेची त्रिज्या साधारण ८ मायक्रॉन असते, म्हणून ती त्या २१ मायक्रॉनच्या वळणात गोल टोकापेक्षा खूपच चांगली शिरते. मायक्रोलाइन किंवा शिबाटा आकाराची टोकं त्याहून बारीक. टूएम रेडसारख्या कार्ट्रिजची फक्त सुई ओढून काढता येते आणि वरच्या दर्जाची सुई त्याच अंगावर बसते. तीच खरखर एकाच रेकॉर्डवर येते आणि बाकी सगळ्या स्वच्छ वाजतात, तेव्हाच म्हणा की रेकॉर्ड झिजलेली आहे.

आता थोडं रेकॉर्ड घेण्याबद्दल. १८० ग्रॅम हा आकडा कव्हरवर सोन्याच्या स्टिकरवर मिरवतो, पण खाचेची खोली १२०-१४० ग्रॅमच्या साध्या रेकॉर्डमध्येही तेवढीच असते. जड रेकॉर्ड हाताला छान लागते, आवाज मात्र कटिंग (मूळ खाच कोरणं) आणि प्रेसिंग (तिच्यावरून प्रती छापणं) ठरवतं. बाजूची लांबी बघा. मोठा आवाज आणि बास यांना रुंद खाच लागते, जागा ठरलेली आहे, त्यामुळे बाजू २२ मिनिटांच्या पुढे गेली की कटिंग इंजिनिअरला आवाज तरी उतरवावा लागतो किंवा बास. डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ (१९८५) सीडीवर सुमारे ५५ मिनिटं आहे, पण त्या वेळच्या एकाच एलपीवर बसवायला काही गाणी छाटावी लागली. पूर्ण लांबीची गाणी पुढे दोन एलपींच्या आवृत्तीत आली. अशा अल्बमला दोन रेकॉर्डचीच आवृत्ती घ्या. ४५ च्या गतीवर कापलेली असेल तर आणखी चांगलं, खाचेचा वेग ३५ टक्के वाढतो आणि शेवटच्या गाण्याला श्वास मिळतो.

लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत खरवडलेली अक्षरं वाचायची सवय लावा. रेकॉर्ड कोणी कापली ते तिथे कळतं. ‘लेड झेपेलिन टू’च्या १९६९ च्या पहिल्या अमेरिकन प्रतींवर ‘आरएल’ दिसतं, म्हणजे रॉबर्ट लडविग. त्या कटिंगचा बास इतका दांडगा होता की स्वस्त प्लेयरवर सुई उडायची, म्हणून कंपनीने मवाळ कटिंग करून घेतलं. दोन प्रती शेजारी वाजवल्या तर झेपेलिनच्या बॉनमचे ड्रम्स दोन वेगळ्या खोल्यांत वाजल्यासारखे वाटतात. आणि रेकॉर्ड आहे म्हणून आपोआप चांगली, हेही धरून चालू नका. ज्या मिक्सचा आवाज आधीच ठोकून सपाट केला आहे, मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) आठवा, ते मिक्स खाचेत उतरवल्याने मोकळं होत नाही.

लाइव्ह रेकॉर्डबद्दल माझं प्रेम लपवत नाही. द हूच्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’च्या (१९७०) लेबलवर हाताने लिहिलं होतं की खरखर आहे ती ठीक आहे, दुरुस्त करू नका. सेकंडहँड प्रत धुऊन धुऊन दमण्याआधी हे माहीत असलेलं बरं. डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोच्या तीन रात्रींत टिपला गेला. त्याची चौथी बाजू अख्खी एकाच गाण्याची, जवळपास वीस मिनिटं. ती एका बैठकीत ऐकली की कळतं, बँड स्टेजवर एकमेकांचं किती बारकाईने ऐकत होता.

आणि आपण स्टेजसमोर असतो तेव्हा सुईची जागा कान घेतात. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ, नोकरीच्या ठिकाणच्या अमेरिकी शिफारशीनुसार, दिवसाला १५ मिनिटं. दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. रॉक शो चालतो दोन तास. अर्ध्या शोनंतर कानाच्या आतल्या पेशी थकतात, आणि सगळ्यात आधी जातो ४,००० हर्ट्झच्या आसपासचा भाग, जिथे गिटारची धार आणि शब्दांची स्पष्टता असते. म्हणून शेवटची गाणी गुळमुळीत वाटतात. मिक्स बहुधा तोच असतो, ऐकणारं यंत्र बदललेलं असतं. दुसऱ्या दिवशी कान मोकळे झाले तरी झीज पूर्ण भरून येतेच असं नाही. द हूच्या १९७६ च्या लंडनमधल्या चार्लटनच्या शोची १२६ डेसिबलची नोंद गिनेसमध्ये गेली होती. पुढे लोकांच्या कानांची काळजी म्हणून गिनेसने असे विक्रम नोंदवणंच थांबवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सुचवली आहे.

फोमचे बोळे उंच सूर जास्त कापतात, म्हणून त्यातून सगळं ब्लँकेटखालून आल्यासारखं वाटतं आणि लोक ते काढून टाकतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या, ते सगळे सूर साधारण सारखेच १५-२० डेसिबलने उतरवतात. पहिल्या गाण्याआधी घाला. त्रास जाणवल्यावर घालणं म्हणजे उशीर झालेला असतो. विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा, मग स्वतःशी गुणगुणा. आवाज डोक्यात घुमला तर नीट बसला आहे. टूरमागे फिरून लागोपाठ रात्री शो बघणाऱ्यांनी मधल्या दिवशी हेडफोनही ठेवून द्यावेत. द हूचा गिटारवादक पीट टाउनशेंडने आपल्या कानांच्या त्रासाचं कारण म्हणून स्टुडिओतल्या हेडफोनचंच नाव घेतलं आहे.

जागा शक्यतो मिक्सिंग डेस्कच्या जवळ, किंचित पुढे. इंजिनिअर जे ऐकून मिक्स करतो ते तिथे मिळतं. पहिल्या रांगेत गिटार अँप आणि ड्रम्स थेट येतात, पण गायक मुख्य स्पीकरमधून डोक्यावरून निघून जातो. भिंतीला टेकलं की बास फुगतो. खूप मागे उभं राहिलं तर ३४ मीटरला आवाज दशांश सेकंद उशिरा येतो आणि ड्रमरची काठी आणि ठोका जुळत नाहीत. डेस्कपाशी प्लग घालून उभे राहा आणि एन्कोअरच्या, म्हणजे टाळ्यांनंतर परत येऊन वाजवलेल्या गाण्याच्या, शेवटच्या क्रॅशकडे लक्ष द्या. सिंबल विझेपर्यंत ऐकू येतो.