वाफसा आला की पेरायचं

"पोरं आपली, मैदान आपलं, मग बाहेरचा कामून?"

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी हा प्रश्न टाकला. रणजीची उपांत्य फेरी चालू होती, जामठ्याच्या मैदानावर विदर्भाची गाठ मुंबईशी. बाहेरचा म्हणजे कर्नाटकचा करुण नायर, जो व्यावसायिक खेळाडू म्हणून विदर्भाकडून खेळत होता. काकांचं म्हणणं असं की व्हीसीएकडे, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे, पैसा आहे तर तो आपल्या पोरांवर घालावा. एक जागा बाहेरच्याला दिली की यवतमाळ-वर्ध्याच्या एखाद्या पोराचं वर्ष वाया जातं.

काका वर्धा जिल्ह्यात कापूस लावतात आणि क्रिकेटवर जीव टाकतात. त्यांचं म्हणणं मी कधीच उडवून लावत नाही. पण या प्रश्नाचं माझं उत्तर नागपुरात तयार झालेलं नाही. ते तयार झालं अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत, कॉफमन स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरच्या स्वस्त खुर्चीत बसून.

मी ओव्हरलँड पार्कला राहतो, घरापासून स्टेडियम अर्ध्या तासावर. आमचा संघ रॉयल्स. बेसबॉलच्या जगात आमचं गाव म्हणजे लहान बाजारपेठ. आयपीएलवर वाढलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळत नाही, कारण तिथे सगळ्यांची पर्स सारखी असते. २०२५ च्या मोसमासाठी दहाही संघांना १२० कोटींची मर्यादा होती. अमेरिकन बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि वरची पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलं तर दंडासारखा कर भरायचा, बस्स. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेइ ओतानीला १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलर कबूल केले. स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के वाटा सगळे संघ एकत्र करून सारखा वाटून घेतात, तरीही मोठ्या शहरांच्या टीव्ही करारांपुढे आमच्यासारख्यांची झोळी लहानच राहते. आणि खालची मर्यादाही नाही. अमुक इतका खर्च केलाच पाहिजे, असं कोणी मालकाला सांगत नाही. माझ्या मते खरा रोग तिथे आहे, पण त्याकडे नंतर येतो.

लहान संघाच्या हातात एकच मोठी गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. नवा खेळाडू मुख्य संघात आला की सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत तो त्या संघाचा असतो. पहिली साधारण तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो, २०२४ मध्ये हा आकडा ७ लाख ४० हजार डॉलर होता. नंतर लवादाने पगार वाढत जातो आणि सहा वर्षं झाली की तो मोकळा. म्हणून हरणारे संघ महागडे खेळाडू विकून कोवळी पोरं घेतात, नवोदितांच्या निवडप्रक्रियेत (ड्राफ्टमध्ये) वरच्या क्रमांकाची पोरं उचलतात आणि ती एकाच वेळी तयार होतील अशी वाट बघतात. यालाच इथे पुनर्बांधणी म्हणतात.

काका याला शेती म्हणतील, आणि मला तोच शब्द बरोबर वाटतो. पाऊस पडला म्हणून लगेच तिफण घालत नाहीत, वाफसा यावा लागतो. चिखलात पेरलं तर बी कुजतं आणि जमीन सुकेपर्यंत थांबलं तर उगवत नाही. पावसाआधीच धूळपेरणी केली आणि पावसाने दगा दिला की दुबार पेरणी कपाळी येते. रॉयल्सने हे तिन्ही प्रकार केले आहेत.

१९८५ ला जगज्जेते झाल्यावर २०१४ पर्यंत हा संघ एकदाही प्लेऑफमध्ये गेला नाही. २००२ ते २००६ या पाच मोसमांत चारदा शंभर किंवा त्याहून जास्त सामने हरला. २००६ मध्ये डेटन मूर व्यवस्थापक म्हणून आले आणि पोरं घडवण्यावर भर दिला. २००७ ला मुस्टाकस, २००८ ला हॉस्मर निवडला. व्हेनेझुएलाचा साल्वाडोर पेरेझ कोवळ्या वयातच करारबद्ध केला होता. २०१० च्या डिसेंबरात संघाचा सर्वांत चांगला पिचर (चेंडू टाकणारा) झॅक ग्रिंकी मिलवॉकीला देऊन लोरेंझो केन आणि अल्सिडेस एस्कोबार आणले. इथवर ठीक, हे कोणीही करतं.

धाडस केलं ते २०१२ च्या डिसेंबरात. विल मायर्स हा देशातल्या सर्वांत गाजावाजा झालेल्या पोरांपैकी एक. तो टँपा बेला देऊन रॉयल्सनी जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस हे पिचर आणले. मी तेव्हा इथे नवीन होतो, बेसबॉल जेमतेम कळायला लागलं होतं. ऑफिसात सगळे चिडलेले. आपलं सोन्यासारखं पोर दिलं आणि दोन वर्षांनी निघून जाणारा माणूस घेतला! शब्द इंग्रजी होते, पण सूर अगदी काकांचा. पुढच्या वर्षी मायर्स त्याच्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला तेव्हा तर तोंड लपवायला जागा नव्हती. पण हॉस्मर, मुस्टाकस, पेरेझ, केन एकाच वेळी तयार होत होते. त्यांची सहा वर्षांची वाळू सरायला लागली होती. आणखी एक पोर साठवून उपयोग नव्हता. २०१४ मध्ये संघ अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला आणि हरला. २०१५ च्या मोसमात मध्यावर पुन्हा तरुण पिचर देऊन जॉनी क्वेटो आणि बेन झोब्रिस्टला आणलं, दोघेही मोसम संपताच जाणारे. त्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सला पाच सामन्यांत हरवून रॉयल्स जगज्जेते झाले. विजयाच्या मिरवणुकीत मी लेकीला खांद्यावर घेऊन उभा होतो. तिच्या शाळेला सुट्टी होती, खरं तर साऱ्या गावालाच सुट्टी होती.

मग वाळू संपली. २०१७ नंतर हॉस्मर सॅन डिएगोला गेला, केन मिलवॉकीला. २०१८ मध्ये १०४ पराभव. त्या वर्षीच्या निवडीत कॉलेजच्या पिचर मुलांवर मोठा डाव लावला, पण ती ठरल्या वेळी पिकली नाहीत. नुसती वाट बघितल्याने पीक येत नाही, निंदणी-फवारणीही जमावी लागते. २०२३ ला पराभवांचा आकडा १०६ वर गेला.

त्या सप्टेंबरातली एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मैदानापलीकडची कारंजी नेहमीसारखी उडत होती आणि आमच्या विभागात मोजून वीस माणसं. शेजारी एक निवृत्त पोस्टमन बसतात, पंच्याहत्तरीच्या पुढचे. मांडीवर धावपत्रिकेची वही, कानामागे लाकडी पेन्सिल. फलंदाज तीन स्ट्राइक होऊन बाद झाला की ते चौकोनात 'के' लिहितात आणि बॅट न फिरवताच बाद झाला तर तोच 'के' उलटा. त्या दिवशी पान उलट्या 'के'ने भरलं होतं. शॉर्टस्टॉपला उभ्या बॉबी विटकडे पेन्सिल रोखून ते म्हणाले, "हरण्याचं मला काही वाटत नाही. हा मुलगा मोठा होईल आणि एक दिवस जाईल, त्याचं वाटतं." हॉस्मर गेला त्या दिवसानंतर त्यांनी नवीन जर्सी घेतलेली नाही.

१०६ पराभवांनंतर बहुतेक मालक आणखी दोन वर्षं हात आखडतात. इथे नवे मालक जॉन शर्मन आणि व्यवस्थापक जे. जे. पिकोलो यांनी त्याच हिवाळ्यात तिजोरी उघडली. सेथ ल्यूगोला तीन वर्षांचे साडेचार कोटी डॉलर, मायकेल वाकाला दोन वर्षांचे ३ कोटी २० लाख. एक चौतिशीतला, एक बत्तिशीतला. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत बॉबी विटशी ११ वर्षांचा, २८ कोटी ८८ लाख डॉलरचा करार, संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा. पोस्टमन आजोबांनी त्या संध्याकाळी मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. २०२४ मध्ये संघ ८६ सामने जिंकला, प्लेऑफमध्ये बाल्टिमोरला त्यांच्या मैदानावर हरवलं, मग यांकीजकडून हरला. ल्यूगो सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्कारात दुसरा, विट सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा. २०२५ ला ८२ विजय झाले आणि प्लेऑफ हुकलं. मला त्या खर्चाचा जराही पश्चात्ताप नाही. २०३० नंतर विटला करारातून बाहेर पडायची मुभा आहे, हेही मला ठाऊक आहे. तोवरची प्रत्येक संध्याकाळ आमची.

आता तो रोग. पिट्सबर्ग पायरेट्सकडे पॉल स्कीन्स आहे, २०२३ च्या निवडीतला पहिल्या क्रमांकाचा पिचर. २०२५ मध्ये तो इतका भारी खेळला की साय यंग एकमताने त्याला मिळाला. त्याच मोसमात त्याच्या नावावर १० विजय आणि १० पराभव आहेत, कारण त्याच्या मागे धावा करणारं कोणी नाही. संघ ९१ सामने हरला. २०१५ नंतर तिथे प्लेऑफ नाही. असं पोरगं हाताशी असताना तिजोरीला कुलूप ठेवणं म्हणजे वाफसा आलेलं रान पडीक टाकणं. 'आम्ही लहान गाव, अंथरूण पाहून पाय पसरतो' हे मला पटत नाही. समाईक वाट्यातून पैसा येतो, तो मैदानावर दिसला पाहिजे. वरची मर्यादा आणा असं मालक म्हणतात तेव्हा मी आधी खालची मर्यादा मागतो.

एप्रिल २०२४ मध्ये, आमचं स्टेडियम ज्या जॅक्सन काउंटीत आहे तिथल्या लोकांनी नव्या स्टेडियमसाठी विक्रीकर पुढे चालू ठेवायला नकार दिला. मी शेजारच्या कॅन्सस राज्यात राहतो, त्यामुळे माझं मत नव्हतंच. पण त्या मतदारांचा मला राग आला नाही. ज्यांनी इतकी वर्षं पराभव बघितले, त्यांना हिशेब मागायचा पुरेपूर हक्क आहे.

काकांना मी त्या रात्री हे सगळं लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की विदर्भाचं रान वाफशावर आहे. एके काळी रणजीत विदर्भाला कोण विचारत होतं? आधी अकादमी उभी राहिली, पोरं घडली. मग मुंबईचा वसीम जाफर आला, प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले आणि फैझ फझलच्या संघाने २०१७-१८ ला पहिल्याच अंतिम फेरीत दिल्लीला हरवलं. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक त्याच सामन्यातली. जाफरने गुरबानीची जागा घेतली नाही. गुरबानीसारखी पोरं तयार होत होती, म्हणून जाफरला आणण्यात अर्थ होता. आताही हर्ष दुबेचे त्या मोसमात ६९ बळी, रणजीचा विक्रम. यश राठोडच्या ९६० धावा. अशा वर्षी एक अनुभवी माणूस आणायचा नाही तर कधी?

मुंबईला हरवून केरळविरुद्धची अंतिम लढत आली. माझ्याकडे रात्र होती. विदर्भ ३ बाद २४. काकांनी ग्रुपवर हात जोडलेली खूण टाकली. मग नागपूरचा दानिश मालेवार आणि करुण नायर, दोघांची २१५ धावांची भागीदारी. विशीतलं पोरगं १५३ करून गेलं. नायर ८६ वर धावबाद झाला तेव्हा काकांचा संदेश आला, "अरे रे." त्यांनी बाहेरच्या माणसासाठी हळहळलेलं मी पहिल्यांदा बघितलं. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर रणजी तिसऱ्यांदा नागपुरात आली.

पुढच्या मोसमात नायर कर्नाटकात परतला. काकांनी लगेच लिहिलं, "घे, गेला तुझा पाहुणा. आता ती जागा आपल्या पोराला द्या."

"काका, आता द्यायलाच पाहिजे," मी लिहिलं. "तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे, यंदा."