वाडा आपल्याच गावातला आहे

नाटककार महेश एलकुंचवारांचं नाव काढलं की आमच्याकडचे चांगले शिकलेले लोकही म्हणतात, "ते मोठ्या लोकायचं काम आहे, आपल्याले नाही समजत." मला याचा मनापासून राग येतो. हे गृहस्थ आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, जन्म १९३९ चा. नागपुरात कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि लिहिलं तेही तिथूनच. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून विजया मेहतांनी बसवलेल्या तेंडुलकरांच्या नाटकाला जाऊन बसले आणि तिथून नाटकाचेच झाले. 'सुलतान', 'गार्बो', 'होळी', 'पार्टी', 'आत्मकथा'... यादी मोठी आहे.

पण मला बोलायचंय ते 'वाडा चिरेबंदी'वर, १९८५ चं नाटक. समीक्षक त्याला एकत्र कुटुंबाची पडझड म्हणतात. मी ते शेतीचं नाटक म्हणून वाचतो. घरचे म्हातारे तात्याजी गेले, त्यांचा मुंबईचा मुलगा सुधीर घरी आला, आणि दुःखाआधी प्रश्न उभा राहतो तेरवीचा. देशपांड्यांचं घर, गावजेवण तर झालंच पाहिजे, पैसा कुठून आणायचा? अंगणात ट्रॅक्टर नुसता गंजत पडलाय. तो कोणी विकत नाही, कोणी दुरुस्तही करत नाही. असा ट्रॅक्टर आमच्या पंचक्रोशीत कोणी पाहिला नाही ते सांगा! तेरवीपायी वावर गहाण पडलेली घरं मी पाहिलीत. ती काही देशपांड्यांची नव्हती, कुणब्या-तेल्यांची होती. म्हणून 'बामणाच्या वाड्याचं नाटक' म्हणून ते बाजूला सारणं मला पटत नाही. हां, वाड्यासाठी राबणारा सालदार, मजूर त्यात फारसा बोलत नाही, हे मलाही खटकतं.

पुढे याच घराची गोष्ट नेणारी 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही नाटकं आली. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग केली. 'युगान्त'मध्ये तर गावातलं पाणीच आटलंय. हे विदर्भात कोणाला समजावून सांगावं लागेल का?

तिकडे गडचिरोलीत वडशाकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावची नाटकं रात्र-रात्र चालतात, मंडप भरून लोक बसतात. म्हणजे बघणाऱ्यांची काही कमी नाही. घाटंजी, आर्णी, पांढरकवड्याकडे कोणी 'वाडा' बसवत असेल तर कळवा. तालमीला आमचा गोठा रिकामा करून देतो, दोन्ही टायमाचं जेवण आमच्याकडे.