दहा रुपयांची परवानगी

गेल्या विधानसभेला, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मी एका अपक्ष उमेदवाराचा खर्च लिहीत होते. ताई ओळखीच्या आणि हिशेब हे माझं रोजचं काम, म्हणून. निवडणूक कार्यालयातून मिळालेली ती नोंदवही अजून डोळ्यांसमोर आहे. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. चहा, वडापाव, खुर्च्या, रिक्षावरचा भोंगा, सगळ्याचं दरपत्रक जिल्ह्याने ठरवून दिलेलं. प्रचारात तीनदा वही तपासायला न्यायची आणि निकालानंतर तीस दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा. तो दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही. मला यात काही जाच वाटला नाही. पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे कळलंच पाहिजे.

मग एक दिवस गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, शेती कालव्याच्या टेलला, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या टोकाला. हातात फुलस्केपचा एक कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. पाण्याचं आवर्तन कधी सुटलं आणि आमच्या टेलला किती दिवसांनी पोचलं, याच्या चार वर्षांच्या तारखा त्यांनी स्वतःच्या डायरीतून उतरवून काढल्या होत्या. शेवटी एकच ओळ : म्हणून मी ताईंना मत देणार आहे, तुम्हीही विचार करा. पाचशे प्रती स्वतःच्या पेन्शनमधून छापून आठवडी बाजारात वाटायच्या, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मला त्यांना थांबवावं लागलं. म्हटलं, गुरुजी, आधी ताईंची लेखी परवानगी लागेल आणि तुमचा खर्च आमच्या वहीत चढेल. शिवाय छापखान्यात प्रकाशक म्हणून तुमचं घोषणापत्र दोन प्रतींत द्यायचं, तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घेऊन. परवानगीशिवाय छापलंत तर गुन्हा होतो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, माझ्या पैशाने माझं मत सांगायचं, आणि तो गुन्हा?"

आम्ही परवानगीचं पत्र दिलं. पण गुन्हा हा शब्द एकदा कानावर पडल्यावर घरच्यांनी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही.

याला गुन्हा ठरवणारं कलम आलं १९२० साली, इंग्रजांच्या काळात. दंडसंहितेतलं १७१-एच. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्यासाठी सभा, जाहिरात, पत्रक यांवर कुणी खर्च केला तर दंड. सवलत एकच : खर्च दहा रुपयांपर्यंत असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मंजुरी मिळवली तर चालेल. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिथे हेच कलम १७६ म्हणून आलं. दंडाची कमाल रक्कम पाचशेवरून दहा हजार झाली. सवलतीचे दहा रुपये मात्र दहाच राहिले. शंभर वर्षांपूर्वी दहा रुपयांत बरंच काही छापून होत असेल. आज एका कागदाच्या झेरॉक्सच्या पाच-सहा प्रती निघतात. मी एखाद्या उमेदवाराची बाजू घेणारी पोस्ट शंभर रुपये टाकून बूस्ट केली, तर तीही यातच येईल.

आता दुसरी बाजू बघा. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे खर्चाची मर्यादा ४० लाखांची, लोकसभेला ९५ लाखांची. पक्षाला मर्यादाच नाही. पहिलं पान भरून जाहिरात येते, उमेदवाराचं नाव त्यात नसतं, म्हणून ती कुणाच्याच वहीत चढत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या चाळीस स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च, हेलिकॉप्टरसकट, उमेदवाराच्या खात्यातून वगळलेला. आमच्या ताईंच्या रिक्षाचं मात्र रोजचं भाडं पांढऱ्या पानावर.

हे आपोआप घडलेलं नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं होतं, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच खर्चात धरा, नाहीतर गरीब माणूस निवडणुकीत उभाच राहू शकणार नाही. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढून तो निकाल निष्प्रभ केला. २००३ मध्ये ती पळवाट थोडी अरुंद झाली, पण पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि बड्या नेत्यांचा प्रवास बाहेरच राहिला. उमेदवाराची मर्यादाही किती पाळली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये मुंबईत जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं, की २००९च्या लोकसभेला आपला आठ कोटी खर्च झाला. तेव्हा मर्यादा २५ लाखांची होती. आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. मला अजूनही वाटतं, त्या दिवशी ते खरं बोलले आणि त्यावर जी चर्चा व्हायला हवी होती ती झाली नाही.

आणि पैसा देणारे? १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर टाटा आयर्न अँड स्टीलचं प्रकरण आलं होतं, कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी परवानगी दिली, पण हा पैसा एक दिवस लोकशाहीचा गळा आवळू शकतो असा इशारा निकालातच लिहून ठेवला आणि संसदेने लक्ष घालावं असं सांगितलं. साठ वर्षांनी आपण निवडणूक रोखे आणले. देणाऱ्याचं नाव मतदारापासून लपवायचं आणि कंपन्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकायची. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने रद्द केले, तोवर सोळा हजार कोटींहून जास्त रक्कम पक्षांकडे जाऊन झाली होती. नाव न सांगता एवढे कोटी देता येत होते. त्याच वर्षी गुरुजींनी स्वतःचं नाव-गाव घालून पाचशे कागद छापायचे म्हटले, तर सही-शिक्के लागले.

काही मित्र म्हणतात, मर्यादाच काढून टाका, कोण पाळतंय. अमेरिकेने १९७६ पासून खर्च म्हणजेच भाषण असं मानलं, २०१० मध्ये कंपन्यांनाही दार उघडलं. मला तो रस्ता नको. ज्याच्याकडे पैसा त्याचाच आवाज, हे आपल्या गावांत आधीच पुरेसं आहे. पक्षांवर खर्चाची मर्यादा घाला. आणि साध्या मतदाराला, स्वतःचं नाव छापून, काही हजारांपर्यंत कुणालाही न विचारता बोलू द्या. ते दहा रुपये बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. आपल्या खासदाराला एक पत्र लिहा, मी लिहिलं आहे.

गुरुजींचा कागद माझ्या वहीत आहे. त्या निवडणुकीत आमच्या मतदारसंघात किती पत्रकं वाटली गेली देव जाणे, पण टेलच्या पाण्यावर एकही निघालं नाही.